कार्डिओ आणि मसल टिकवणं: बारा आठवड्यांच्या प्लॅनच्या नोंदी

५ जानेवारी

काम सुरू केलं. आमच्या ग्रुपमध्ये सरळ दोन पार्ट्या आहेत, वेट्सवाले आणि धावणारे, आणि दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. वेट्सवाल्यांना भीती की कार्डिओ केला की कमावलेले मसल गळणार, धावणाऱ्यांना भीती की वेट्स मारले की अंग जड होणार आणि पेस म्हणजे पळण्याचा वेग पडणार. मला दोघांना चालेल असा एक बारा आठवड्यांचा प्लॅन बनवायचाय आणि सोबत दोन पानांची टीप, ज्यात प्रत्येक नियम का ठेवलाय ते लिहिलेलं असेल. नुसतं हे करा ते करा सांगितलं की गडबडीचा पहिला आठवडा आला की लोक सगळंच सोडतात, पण कारण माहीत असेल तर काय कापायचं आणि काय काहीही झालं तरी ठेवायचं हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवतो. मसल वाढवणं, मसल टिकवणं आणि ताकद वाढवणं हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि जिममधल्या गप्पांत ते कायम एकमेकांत मिसळले जातात. आपला प्रश्न टिकवण्याचा आहे. वाढवायला जितकं लागतं त्याच्यापेक्षा टिकवायला खूप कमी लागतं, आणि बहुतेकांची भीती तिथेच निम्मी व्हायला हवी.

८ जानेवारी

या सगळ्या वादाचं मूळ १९८० सालच्या एका प्रयोगात आहे. रॉबर्ट हिक्सन नावाचे अमेरिकन संशोधक, स्वतः वेट्स मारणारे, जॉन हॉलोझी यांच्या लॅबमध्ये गेल्यावर त्यांच्यासोबत नियमित पळायला लागले आणि आपली ताकद उतरतेय असं त्यांना जाणवलं, त्यातून हा प्रश्न डोक्यात आला असं सांगतात. मग त्यांनी तीन गट केले. एक फक्त वेट्स, आठवड्यातून ५ दिवस, पायांवर जड काम. दुसरा फक्त एन्ड्युरन्स, म्हणजे दमसासाचं काम, आठवड्यातून ६ दिवस, सायकलवर कडक इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, असं आलटून पालटून) आणि मधल्या दिवशी ४० मिनिटांपर्यंत जमेल तितकं जोरात पळणं. तिसरा गट हे दोन्ही पूर्णच्या पूर्ण. १० आठवडे चाललं. तिसऱ्या गटाची ताकद पहिले सहा-सात आठवडे वाढत गेली, मग थांबली, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत खाली आली. दमसास मात्र दोन्ही एन्ड्युरन्स गटांचा सारखाच वाढला.

हा प्रयोग मला खूप आवडतो, प्रामाणिक काम आहे, पण कार्डिओ केला की मसल गळतात असा त्याचा जो अर्थ फिरतो तो मला पटत नाही. हिशोब करून बघा, आठवड्यात ११ सेशन आणि सगळी पायांवर आणि सगळी जोर लावून. आपल्यापैकी कुणीही याच्या जवळपास जात नाही. आणि एवढं करूनही पहिला दीड महिना ताकद वाढतच होती ना, ही बाजू कुणी सांगतच नाही. शिवाय यात मोजलं होतं मुख्यतः ताकदीला, मसल गळाले का हा प्रश्न त्यातून सुटत नाही. टीपेत हे असंच लिहिणार, की ही मर्यादेची वरची रेष आहे, रोजच्या व्यायामाचं वर्णन नाही.

१३ जानेवारी

आज पेशीच्या आत काय होतं त्यावर बसलो. वेट्स मारले आणि प्रोटीन मिळालं की एमटॉर नावाचा सिग्नल चालू होतो, तो पेशीला नवीन प्रोटीन बांधायला सांगतो. लांब पल्ल्याच्या कामात पेशीतली ऊर्जा कमी होते तेव्हा एएमपीके हा दुसरा सिग्नल चालू होतो, तो खर्चिक कामं थांबवतो आणि पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाजूने झुकतो. एएमपीके एमटॉरला दाबतो हेही खरं आहे. २००५ मध्ये उंदराचे वेगळे काढलेले स्नायू विजेच्या झटक्यांनी दोन पद्धतींनी उत्तेजित करून हे सुंदर दाखवलं होतं, एका पद्धतीत एक सिग्नल, दुसरीत दुसरा, आणि तेव्हापासून स्विच हा शब्द सगळीकडे गेला, म्हणजे एक चालू तर दुसरा बंद.

पण माणूस काही बशीत ठेवलेला स्नायू नाही. कार्डिओ केल्यावर एएमपीकेचा सिग्नल काही तासांपुरता वर जातो आणि परत बसतो, आणि दिवसाचे बाकीचे तास आपण खातो, झोपतो, बसतो. ज्यांनी आधी काहीच व्यायाम केलेला नाही अशा लोकांनी नुसती सायकल चालवली तरी मांडीचे स्नायू थोडे वाढलेले मोजले गेलेत. स्विच खरोखर तितका कडक असता तर हे झालंच नसतं. म्हणून टीपेत हा भाग दोन ओळींतच ठेवणार, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ट्रेडमिलवर पाय ठेवला की बायसेप विरघळायला लागतो.

१४ जानेवारी

कालच्यात एक राहिलं. कार्डिओ मसल खातो हे वाक्य अगदी हवेतून आलेलं नाही. १९८० च्याच एका अभ्यासात तासभर सायकल चालवायला लावून प्रोटीन किती जळतं ते मोजलं होतं. शरीरात ग्लायकोजेन (स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर) भरलेलं असताना खर्च झालेल्या ऊर्जेत प्रोटीनचा वाटा ४ टक्क्यांच्या थोडा वर होता, आणि ग्लायकोजेन आधीच संपवलेलं असताना तो १० टक्क्यांवर गेला. म्हणजे रिकाम्या टाकीवर लांब आणि जोरात केलं की प्रोटीन जास्त जळतं, हे खरं. पण ते जळलेलं पुढच्या जेवणात भरून निघतं, जेवण पुरेसं असेल तर. उपाशीपोटी तासतासभर जोरात पळून वर दिवसभर अर्धपोटी राहणं हा कॉम्बो मात्र मी प्लॅनमध्ये कुणालाच करू देणार नाही.

१९ जानेवारी

आता एकत्रित विश्लेषणं. २०१२ मध्ये २१ अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा निघालं की कार्डिओ जितक्या वेळा आणि जितका लांब, तितका वेट्सच्या फायद्याला अडथळा जास्त, आणि पळण्याने अडथळा दिसतो, सायकलने तितका नाही. त्यावरून बरीच वर्षं सगळे कोच सायकल घ्या म्हणत आले. मग २०२२ मध्ये ४३ अभ्यासांचं नवीन विश्लेषण आलं आणि त्यात मसलचा आकार आणि कमाल ताकद या दोन्हीवर कार्डिओ जोडल्याने काही फरक पडलेला दिसला नाही, पळणं असो की सायकल. फरक पडला तो झटक्याच्या ताकदीवर, म्हणजे उडी, स्प्रिंट, झटकन उचलणं, आणि तोसुद्धा जास्त करून दोन्ही एकाच सेशनमध्ये केलं तेव्हा. त्याच वर्षी आणखी एका विश्लेषणात स्नायूच्या एकेका तंतूचा आकार बघितला गेला, तिथे थोडीशी घट दिसली आणि ती पळण्यात जास्त होती.

मी याचा अर्थ असा लावतो. आठवड्यातून दोन-तीनदा, तासाच्या आत कार्डिओ करणाऱ्या माणसाला मसल गळण्याची काळजी करायचं कारणच नाही. बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर उभं राहायचंय आणि मांडीचा एकेक सेंटिमीटर मोजला जाणार आहे, किंवा खेळच उडीचा आहे, त्याने विचार करावा. आमच्या ग्रुपमध्ये असं कुणी नाही. हा निष्कर्ष टीपेच्या पहिल्याच परिच्छेदात टाकायचा, शेवटी नको, शेवटपर्यंत वाचतंय कोण.

२१ जानेवारी

पळणं आणि सायकल यातला फरक मला तरीही महत्त्वाचा वाटतो, फक्त कारण वेगळं. पळताना प्रत्येक पावलाला स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, उताराला तर फारच, आणि त्या कामाने तंतूंना बारीक इजा होते, दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात ते त्यामुळेच. सायकलमध्ये हे जवळपास नसतंच. म्हणजे पळण्याचा खरा तोटा असा की दुसऱ्या दिवशीचं स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका) खराब होतं. पाय आधीच भरलेले असतील तर वजन कमी लागतं, रेप्स म्हणजे एका दमात किती वेळा उचललं ते कमी होतात, आणि असे महिनोन् महिने गेले की स्नायूला पूर्वीइतका ताण मिळालेलाच नसतो. सिग्नलची भांडणं बाजूला ठेवा, निम्मा अडथळा नुसता थकव्याचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती चांगलीच बातमी आहे कारण थकवा वेळापत्रकाने सांभाळता येतो.

२७ जानेवारी

वेळापत्रक. एकाच सेशनमध्ये दोन्ही करायचं असेल तर वेट्स आधी, कार्डिओ नंतर. क्रमावर झालेल्या अभ्यासांत पायांची ताकद वेट्स आधी करणाऱ्यांची जास्त वाढली आणि दमसास दोन्ही क्रमांत सारखाच वाढला, म्हणजे या बदलाला काही किंमतच मोजावी लागत नाही. जमत असेल तर दोन सेशनमध्ये अंतर ठेवायचं. रग्बी खेळाडूंवर ० तास, ६ तास आणि २४ तास अशा अंतरांची तुलना झाली होती, लागोपाठ करणाऱ्यांचा फायदा सगळ्यात कमी, पूर्ण दिवसाचं अंतर सगळ्यात चांगलं. नोकरी, घर, पोरंबाळं सांभाळून दोन वेळा व्यायामाला कुणाला जमणार हे मला माहितीये, म्हणून प्लॅनमध्ये वेगळे दिवस हाच पहिला पर्याय ठेवतोय आणि एकाच दिवशी करायचं झालं तर वेट्स आधी हा दुसरा. हातांच्या दिवशी पळलं तर काहीच बिघडत नाही हेही लिहायचं, लोक हे विसरतात, पळण्याचा थकवा बहुतेक पायांतच असतो.

२ फेब्रुवारी

आजचा विषय सगळ्यात जास्त कामाचा आहे असं मला वाटतं, वजन उतरवणारे लोक. कार्डिओने मसल गेले अशी तक्रार करणारा जवळजवळ प्रत्येक माणूस त्या काळात कमी खात असतो. म्हणजे कार्डिओ सुरू केला, जेवण निम्मं केलं, वेट्सला वेळ नाही म्हणून ते बंद केले, आणि तीन महिन्यांनी दंड बारीक दिसले की दोष ट्रेडमिलला. उतरलेल्या वजनात चरबीसोबत साधारण पाव हिस्सा बिनचरबीचा जातो असं ढोबळमानाने मानतात, आणि तो हिस्सा कमी करायच्या दोनच मोठ्या चाव्या आहेत, वेट्स आणि प्रोटीन.

२०१६ चा कॅनडातला एक अभ्यास यासाठी मी कायम पुढे करतो. ४० तरुण पुरुष, ४ आठवडे, गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी, आठवड्यातून ६ दिवस वेट्स आणि हिट (थोड्या वेळाचे अतिशय जोराचे इंटरव्हल) दोन्ही मिळून चांगलंच कडक. एका गटाला रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.२ ग्रॅम प्रोटीन, दुसऱ्याला २.४. दोन्ही गटांनी भरपूर चरबी घालवली, जास्त प्रोटीनवाल्यांनी सुमारे ४.८ किलो आणि कमीवाल्यांनी ३.५. बिनचरबीचं वजन कमी प्रोटीनवाल्यांचं जवळपास तिथल्या तिथे राहिलं आणि जास्तवाल्यांचं सुमारे १.२ किलोने वाढलं. इतक्या कमी खाण्यात, इतक्या कार्डिओसोबत, कमी प्रोटीनवाल्यांचंसुद्धा गेलं नाही! हे वाचल्यावर कार्डिओला खलनायक म्हणवत नाही. अर्थात हे तरुण होते, वजन जास्त असलेले होते, आणि फक्त महिनाभराचं होतं, म्हणून कुणी ४० टक्क्यांची नक्कल करू नये असं टीपेत ठळक लिहितोय.

प्रोटीनचा आकडा किती द्यायचा यावर बराच विचार केला. २०१८ च्या ४९ अभ्यासांच्या विश्लेषणात वेट्स करणाऱ्यांना रोज किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी वेगळा फायदा दिसला नव्हता. तोच आकडा ठेवतो, वजन उतरवणाऱ्यांनी थोडा वर जावा. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये, ही ओळ वगळायची नाही.

३ फेब्रुवारी

ग्रुपमधल्या एका दादाचा रात्री मेसेज, कार्डिओ सुरू करून आठवडाच झालाय आणि मशीनवर मसल मास कमी दाखवतंय, बंद करू का. दादा, बंद करू नका. पायाखालची ती मशीन अंगातून बारीक करंट सोडून अंदाज लावते आणि अंदाज पाण्यावर चालतो. स्नायूतल्या १ ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, घाम आणि खर्च झालेलं ग्लायकोजेन मिळून किलो-दीड किलो सहज हलतं आणि मशीन त्यालाच मसल गेले म्हणते. एका आठवड्यात खरा स्नायू एवढा जातच नाही. त्यांना सांगितलं की तेच स्क्वॉट तेवढ्याच वजनाने तेवढ्याच रेप्स जातंय का ते बघा, मांडीला आणि दंडाला टेप महिन्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, दर वेळी त्याच जागी. अंगाचं वजन उतरतंय, बारवरचं म्हणजे उचलायचं वजन तेच आहे, तर मसल आहेत. प्लॅनच्या तक्त्यात वजनकाट्याच्या रकान्याशेजारी बारवरच्या वजनाचा रकाना वाढवला.

१० फेब्रुवारी

टिकवायला कमीत कमी किती लागतं याचं सगळ्यात चांगलं उत्तर २०११ च्या एका अभ्यासात आहे. आधी १६ आठवडे सगळ्यांनी आठवड्यातून ३ दिवस पायांचं व्यवस्थित ट्रेनिंग केलं. मग पुढचे ३२ आठवडे काहींनी पूर्ण बंद केलं, काहींनी एक तृतीयांश केलं, काहींनी फक्त एक नवमांश, म्हणजे आठवड्यातून एकच दिवस आणि प्रत्येक व्यायामाचा एकच सेट (न थांबता केलेल्या रेप्सची एक फेरी), पण वजन तेवढंच जड. २० ते ३५ वयाच्या गटात एवढ्याशावरही स्नायूंचा आकार टिकला. सात महिन्यांहून जास्त! ६० ते ७५ च्या गटात ताकद बरीच टिकली पण आकार टिकवायला तेवढं पुरलं नाही.

धावणाऱ्यांसाठी माझी सगळी टीप या एका मुद्द्यावर उभी आहे. हाफ मॅरेथॉनच्या आधीचे सहा आठवडे वेट्स पूर्ण सोडायची काही गरज नाही, आठवड्यातून एकदा, अर्धा तास, दोन-तीन व्यायाम, बस्स, सेट कमी करा पण बारवरचं वजन उतरवू नका. बहुतेक जण बरोबर उलटं करतात, हलकी वजनं घेऊन वीस-पंचवीस रेप्स, रनर आहे म्हणून. दमसासाचं काम पळण्यात होतंच आहे, जिममध्ये स्नायूला ते द्या जे रस्ता देत नाही.

१२ फेब्रुवारी

साठीच्या पुढच्यांचा भाग. ग्रुपमधले काका रोज पहाटे तासभर झपझप चालतात आणि मला म्हणाले, "अरे मला कशाला वेट्सबिट्स, माझं चालणं चालू आहे की." मी म्हटलं, "काका, चालणं सोडूच नका, पण खुर्चीतून हात न टेकता उठायची ताकद चालण्याने राहत नाही." ते गप्प झाले, बहुतेक उठताना हात टेकत असावेत.

२०१७ मध्ये ६५ च्या पुढच्या, लठ्ठ असलेल्या १६० जणांवर ६ महिन्यांचा अभ्यास झाला. एका गटाने काहीच बदल केला नाही, बाकी तिघांनी डाएट केलं आणि सोबत एकाने फक्त कार्डिओ, एकाने फक्त वेट्स, एकाने दोन्ही. तिघांचंही वजन साधारण ९ टक्के उतरलं. बिनचरबीचं वजन फक्त कार्डिओवाल्यांचं ५ टक्के गेलं, फक्त वेट्सवाल्यांचं २, दोन्हीवाल्यांचं ३. आणि रोजच्या हालचालींच्या चाचणीत, म्हणजे उठणं, चालणं, जिना, तोल यात, दोन्हीवाले २१ टक्क्यांनी सुधारले, बाकी दोघं १४. इथे मला कुठेही कार्डिओ विरुद्ध वेट्स दिसत नाही. एकटा कार्डिओ कमी पडला, एकटे वेट्सही कमी पडले. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या शिफारशीतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम कार्डिओ आणि किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम, दोन्ही आहेत, एकाच्या बदल्यात दुसरं असं त्यात नाही.

काकांच्या प्लॅनमध्ये वेट्स दोन दिवस, प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, एका सेटवर भागवायचं नाही, त्यांच्या वयाला ते पुरत नाही हे परवाच्या अभ्यासातून घेतलं.

२० फेब्रुवारी

पहिला मसुदा तिघांना वापरायला दिलाय, काका, ते मशीनवाले दादा आणि हाफ मॅरेथॉनची तयारी करणारी ताई. सांगाडा एकच. पूर्ण अंगाचे वेट्स दोन दिवस, त्यात एक स्क्वॉट किंवा लेग प्रेस (मशीनवर पायांनी वजन ढकलणं), एक डेडलिफ्टसारखं वाकून उचलणं, एक ढकलणं, एक ओढणं, शेवटी पोटऱ्या, सहा ते बारा रेप्स, अशा वजनाने की शेवटी अजून एक-दोन रेप्स निघाल्या असत्या. कार्डिओ तीन दिवस, दोन दिवस बोलता येईल इतक्या आरामात, एक दिवस दम लागेल असा. दम लागणारा दिवस पायांच्या वेट्सच्या आदल्या दिवशी येऊ द्यायचा नाही. किमान एक दिवस पूर्ण आराम.

आरामातला कार्डिओ खरंच आरामात करायला लावणं हे सगळ्यात अवघड जातंय. सगळ्यांना वाटतं घाम नाही निघाला म्हणजे काही झालंच नाही.

४ मार्च

ताईचा निरोप आला, पाय सतत जड. तिच्याकडे पळणं आठवड्यातून चार दिवस आहे आणि दोन्ही वेट्सचे दिवस पायांनी भरलेले. पळणं तिचं ध्येय आहे, ते कापणार नाही. एका वेट्सच्या दिवशी पाय ठेवले, तिच्या लांब रनपासून सगळ्यात दूर, दुसऱ्या दिवशी फक्त वरचं अंग. मुख्य म्हणजे खाणं विचारलं, तर पळणं वाढलंय आणि ताट तेवढंच. एवढं अंतर वाढवून त्याच खाण्यावर राहिलं तर आधी थकवा येतो, मग स्नायू जायला लागतात, पाळी अनियमित होऊ शकते, हाडांवर परिणाम होतो. टीपेत धावणाऱ्यांसाठी वेगळा परिच्छेद वाढवला, किलोमीटर वाढले की खाणं वाढलंच पाहिजे.

१८ मार्च

ताईचे पाय आता हलके आहेत आणि स्क्वॉटचं वजन तेच आहे. दादांचा कंबरेचा टेप उतरलाय, बारवरचं वजन जिथल्या तिथे, मशीन कधी वर दाखवते कधी खाली, आता ते तिकडे बघत नाहीत. काकांनी स्वतःहून तिसरा दिवस मागितला, मी अजून एक महिना दोनच म्हटलंय.

वेट्सवाल्यांसाठी एक गोष्ट शेवटी टीपेत टाकली जी मला मनापासून सांगायची होती. कार्डिओने स्नायूभोवती बारीक रक्तवाहिन्या वाढतात, दोन सेटच्या मधे दम लवकर परत येतो, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त चांगले सेट निघतात. वृद्ध पुरुषांच्या एका अभ्यासात ज्यांच्या स्नायूत सुरुवातीलाच अशा वाहिन्या जास्त होत्या त्यांचे स्नायू वेट्सने जास्त वाढले. कार्डिओ नुसता सहन करायचा असं नाहीये, तो वेट्सच्या कामाला येतो.

बाकी काम: तक्ता छापायला सोपा करणे, आजारपण किंवा प्रवासाच्या आठवड्यासाठी एक सेटवाला छोटा प्लॅन वेगळ्या पानावर, छातीत दुखणं किंवा चक्कर आली तर थांबून डॉक्टरकडे जाण्याची सूचना पहिल्या पानावर वर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या ग्रुपला द्यायचा.